पाय मोकळे, पकड घट्ट: पोथीतल्या रूपकातून स्वतःची जुनी समजूत शोधायची रीत

सातारा-सांगलीकडे पोथी वाचणाऱ्यांची वाण नाही. गावोगाव सप्ताह बसतात, चातुर्मासात ज्ञानेश्वरी लागते, औदुंबरला गुरुचरित्राची पारायणं होतात, दासनवमीला सज्जनगडावर गर्दी होते. पण पारायणाचा वेग ठरलेला असतो. गुरुचरित्राचा सप्ताह धरला तर दुसऱ्याच दिवशी अध्याय 10 ते 21 उरकावे लागतात. त्या वेगात एखादी ओवी टोचली तरी तिच्यापाशी थांबता येत नाही, आणि पारायणाचा तो हेतूही नसतो.

इथे जी रीत सांगतो आहोत ती थांबून वाचायची आहे. एका आठवड्याला दहा-बारा ओव्या, त्यातलं एकच रूपक. त्या रूपकात आपण कुठे बसतो ते पाहायचं, मनात घर करून राहिलेली एखादी समजूत वाक्यात पकडायची आणि ती थोडी सैल होते का ते करून बघायचं. पारायण चालू असेल तर ते चालू द्या. हे वाचन वेगळ्या दिवशी, वेगळ्या वहीवर करा. दोन्ही एकत्र केलं की नेमाची चिंता वरचढ होते आणि विचार मागे पडतो.

बैठक

एकट्यानं जमतं, पण चार ते सात जण असले तर बरं. सातच्या वर गेलात की कोणीतरी प्रवचन सुरू करतो आणि बाकीचे माना डोलवतात. एकाच घरातली माणसं एका बैठकीत शक्यतो नकोत. सासू समोर बसलेली असताना सून वहीत खरं लिहीत नाही, आणि बापासमोर मुलगाही नाही.

सव्वा तास पुरतो. देवळाच्या मंडपात बसणार असाल तर आरतीची वेळ टाळा. शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची असेल त्या आठवड्यात वार बदलून घ्या, नाहीतर निम्मी माणसं पाणी पाजायला जातात. ऊसतोडीच्या हंगामात नवी बैठक सुरू करू नये. आषाढीनंतरचे महिने सोयीचे.

ग्रंथ सार्थ हवा, म्हणजे मूळ ओवी आणि खाली अर्थ. ज्ञानेश्वरीसाठी सोनोपंत दांडेकरांची किंवा साखरे महाराजांची प्रत चालेल. जमलं तर बैठकीत दोन वेगळ्या प्रती ठेवा. एकीत अडलेला शब्द दुसरीत सुटतो. ओव्यांचे आकडे प्रतींप्रमाणे एक-दोनाने पुढेमागे होतात, तेव्हा आकड्यापेक्षा ओवीचा पहिला चरण सांगून पान उघडा. नुसतं गद्य रूपांतर घेऊ नका. त्यात दृष्टांताचा सारांश येतो, आणि आपल्याला लागणारे बारकावे नेमके सारांशात गळतात.

वही ज्याची त्याची. बैठकीत ती कोणी कोणाला दाखवत नाही.

पहिला उतारा: नळीवरचा पोपट

सुरुवातीला ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय घ्या. माणूस स्वतःच स्वतःचा बंधू आणि स्वतःच स्वतःचा वैरी कसा, हे सांगणाऱ्या पाचव्या-सहाव्या श्लोकांवरच्या ओव्या. साधारण 72 ते 79. इतक्या थोड्या जागेत माउलींनी एकामागून एक दृष्टांत दिले आहेत: स्वतःच्याच कोशात अडकणारा किडा, असलेले डोळे आपणच झाकणारा माणूस, ‘मी चोरीला गेलो’ म्हणत बसणारा भ्रमिष्ट, स्वप्नातल्या घावाने मरणारा आणि शेवटी नळीवरचा पोपट. पहिल्या आठवड्यात यातला फक्त पोपट घ्यायचा. पाचही दृष्टांत एकदम घेतले तर चर्चा छान होते आणि हाती काही लागत नाही.

आधी सापळा कसा चालतो ते सगळ्यांना नीट कळलं पाहिजे. पारधी दोरीत किंवा काठीत एक पोकळ नळी ओवून ठेवतो. पोपट तिच्यावर बसला की त्याच्याच भाराने नळी फिरते आणि तो उलटा लटकतो. घाबरून तो नळी आणखी घट्ट धरतो. पंजे सोडले तर उडून जाईल. त्याला कशानेही बांधलेलं नाही. पण ‘म्हणे बांधला मी फुडा’, मी पक्का बांधला गेलो असं त्याला वाटतं, आणि मोकळा असलेला पंजा तो अधिकच गुंतवतो. अर्धा तोडून नेला तरी नळी सोडत नाही.

हे सरळ चित्र प्रत्येकाने आपल्या शब्दांत दोन वाक्यांत सांगायचं. सगळ्यांचं सांगणं जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेक बैठका इथेच घसरतात. पोपट म्हणजे जीव, नळी म्हणजे माया, पारधी म्हणजे काळ, अशी तयार उत्तरं लोकांना पाठ असतात. ती चूक नाहीत, पण ती दिली की विचार करायचं काम संपतं. पहिल्या दिवशी ‘जीव’, ‘माया’, ‘ब्रह्म’ हे शब्द वापरायचे नाहीत असा नियम करा. पोपटाला पोपटच म्हणा.

क्रियापदं काढा

उतारा तीनदा वाचायचा. पहिल्यांदा मोठ्याने, चालीत. दुसऱ्यांदा सावकाश, अर्थासह. तिसऱ्यांदा फक्त क्रियापदांवर बोट ठेवत. पोपट काय काय करतो ते एकाखाली एक लिहा: बसतो, भाराने नळी फिरते, उडावंसं वाटतं, मनात शंका येते, मान पिळतो, छाती आवळून घेतो, नळी धरून राहतो, बांधलो म्हणतो, मोकळा पाय गुंतवतो, तोडलं तरी सोडत नाही.

नामांवरून रूपक लावायला गेलं की कोण म्हणजे कोण यावर वाद होतो. क्रियापदांवरून लावलं की प्रत्येकाला आपली जागा आपोआप दिसायला लागते, कारण मान पिळणं आणि छाती आवळणं हे अंगाला ओळखीचं असतं. काही जण इथे म्हणतील की ही तर भीतीचीच लक्षणं झाली. बरोबर आहे. त्या क्रियापदाखाली रेघ ओढून ठेवा.

चार रकाने

वहीचं पान आडवं धरून चार रकाने पाडा: पोपटाची कृती, माझ्याकडे तसं काय घडतं, केव्हापासून, काय किंमत मोजली. ‘अर्धा तोडून नेला’ ही ओवी चौथ्या रकान्यासाठी आहे.

समजा, तासगावकडच्या एखाद्या बागायतदाराची द्राक्षं छाटणीनंतरच्या अवकाळी पावसात गेली. तेव्हापासून ‘मी काही नवं धरलं की बुडतंच’ असं त्याच्या मनाने घेतलं आहे. त्याचा तक्ता असा भरेल. नळी फिरली: हा पाऊस, आणि तो खरा होता, नुकसानही खरं. मान पिळली: पुढच्या वर्षी बेदाण्याच्या शेडचा विषय निघाला तेव्हा उठून बाहेर गेला. बांधलो म्हणाला: ‘आपल्या हाताला यश नाही.’ मोकळा पाय गुंतवला: भावाने भागीदारीत बोलावलं तरी नाही म्हणाला. किंमत: भावाशी बोलणं कमी झालं, मुलगा शेतीचं विचारेनासा झाला.

या तक्त्यात एक गोष्ट ध्यानात घ्या. नळी फिरली हे खोटं नव्हतं. जुन्या समजुतीच्या मुळाशी बहुतेकदा एखादा खरा दणका असतो. ‘तुझा निव्वळ भ्रम आहे’ असं बैठकीत कोणी म्हणालं की समोरचा वही मिटतो, आणि त्याने मिटावीच.

सगळे रकाने भरलेच पाहिजेत असं नाही. पारधी कोण, हे तर मुद्दाम रिकामं ठेवा. ते भरायची घाई झाली की माणूस दुसऱ्यांची नावं लिहायला लागतो, आणि तक्ता तक्रारअर्ज होतो.

समजूत एका वाक्यात

आता चारही रकाने पाहून ती समजूत लिहायची. अटी तीन. वाक्य तुमच्या रोजच्या बोलीत हवं, जसं मनात वाजतं तसं. ते विधान हवं, प्रश्न नको. आणि त्यात ‘मी’ किंवा ‘मला’ हवं.

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न झाला; त्यामागचं विधान ‘लोकांनी नावं ठेवली तर मला सोसणार नाही’ असं असू शकतं. ‘आमच्या घराण्यात कोणी धंदा केला नाही’ हा इतिहास झाला. ‘म्हणून मला जमणार नाही’ ही समजूत. ‘समाजात अंधश्रद्धा फार’ हे भाषण झालं. ‘अमावास्येला गाडी काढली तर मला अपघात होईल’ हे चालेल. ‘पोथीत एक अक्षर चुकलं तर माझ्या घरावर अरिष्ट येईल’ ही तर पोथी वाचणाऱ्यांच्याच घरी हमखास सापडणारी समजूत. कोणी ती लिहिली तर हसू नका.

वाक्य सापडलं की ते तीनदा मनात म्हणून पाहा. छाती जराशी आवळली तर वाक्य बरोबर आहे. काहीच झालं नाही तर ते दुसऱ्या कोणाचं तरी आहे, पुन्हा शोधा.

पाय खरंच मोकळे आहेत का?

कृतीकडे जाण्याआधी हा प्रश्न विचारायचाच. पोपटाचा दृष्टांत लागू पडतो तो पाय मोकळे असतील तरच.

खासगी सावकाराचं कर्ज आहे, नवरा दारू पिऊन मारतो, जातीवरून कोणी विहिरीवर येऊ देत नाही, भावाने सातबाऱ्यावरून नाव उडवलं, अशा ठिकाणी पाय बाहेरून बांधलेले असतात. तिथे ‘तूच धरून बसली आहेस, सोड’ असं सांगणं म्हणजे बांधणाऱ्याला मोकळं सोडणं. रूपकाचा सगळ्यात मोठा गैरवापर हाच आहे, आणि तो गोड आवाजात होतो. अशी गोष्ट वहीत निघाली तर वाचन बाजूला ठेवा. पोलीस ठाणं, तलाठी कार्यालय, मोफत कायदेशीर सल्ला देणारी तालुका विधी सेवा समिती, जिथे काम होईल तिथे जायला त्या माणसाला सोबत द्या.

कोणी अंगारे-धुपारे करणाऱ्या बुवाच्या नादी लागून पैसा आणि औषधोपचार दोन्ही सोडत असेल, तरीही ओव्यांची वाट पाहू नका. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे, आणि त्यासाठी हयात घालवलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. तसंच एखादा विचार दिवसभर डोक्यातून जात नसेल, शंभरदा हात धुवावे लागत असतील, झोप उडाली असेल, तर ते काम मानसोपचाराचं आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक बैठकीच्या जागी लिहून ठेवा.

बऱ्याच वेळा दोन्ही मिसळलेलं असतं, म्हणजे एक पाय बांधलेला आणि एक मोकळा. तेव्हा पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे बाहेरच्या गाठी, उजवीकडे स्वतःची पकड. रूपक फक्त उजव्या बाजूला लावायचं.

आठवड्याची एक कृती

पोपटाला उडायला सांगायचं नाही. एक बोट उचलून बघायला सांगायचं.

कृती अशी निवडा की ती सात दिवसांत होईल, खर्च होणार नाही आणि फसली तर मागे येता येईल. अमावास्येची भीती असलेल्याने अमावास्येला गाडी काढून थेट पुण्याला जाऊ नये. गावातल्या गावात दुकानापर्यंत जावं. द्राक्षवाल्याने शेड बांधायला घेऊ नये. भावाला फोन करून फक्त हिशेब विचारावा. अक्षर चुकण्याची भीती असलेल्याने एक ओवी अडखळत, चुकत वाचावी आणि पुढच्या ओवीवर जावं, मागे येऊन दुरुस्त करू नये.

कृतीच्या आधी दोन ओळी लिहा: काय होईल असं वाटतं. नंतर दोन ओळी: काय झालं. पुढच्या बैठकीत याच चार ओळी वाचायच्या, आणि त्यावर मग तीच ओवी पुन्हा म्हणायची. एकाच उताऱ्याला तीन आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात बहुतेकांची कृती होतच नाही, त्यात काही बिघडत नाही. का झाली नाही ते दुसऱ्या रकान्यात जातं.

काही जणांची समजूत सुटते आणि तिच्या जागी लगेच नवी बसते. ‘आता मला कशाचीच भीती नाही’, ‘आमच्या बैठकीला जे कळलं ते गावाला कळलं नाही’ असली वाक्यं ऐकू आली की तीही वहीत लिहायला लावा. नळी बदलली, इतकंच.

दुसरा उतारा: भिलवडी ते औदुंबर

पोपट पचल्यावर गुरुचरित्राचा सतरावा अध्याय घ्या. सांगली जिल्ह्यातल्या वाचकांना हा अध्याय जवळचा, कारण गोष्ट इथल्याच काठावरची. करवीरच्या एका विद्वानाचा मुलगा मंदबुद्धी म्हणून हिणवला जातो. लोकांची बोलणी असह्य होऊन तो घर सोडतो, भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात उपाशी बसतो. देवी बोलत नाही, तेव्हा तो जीभ कापून तिच्या पायी ठेवतो आणि उद्या शीर वाहीन म्हणतो. स्वप्नात देवी त्याला कृष्णेच्या पलीकडे औदुंबराखाली असलेल्या श्रीगुरूंकडे जायला सांगते. तो नदी ओलांडतो, श्रीगुरू मस्तकावर हात ठेवतात, जीभ परत येते आणि विद्याही.

हा उतारा पोपटापेक्षा अवघड आहे. पोपटाची गोष्ट मुळातच दृष्टांत म्हणून सांगितली आहे, तर ही भाविकांसाठी घडलेली घटना आहे. तेव्हा बैठकीत ‘हे खरं घडलं नाही, हे रूपकच आहे’ असा वाद काढू नका. घडलं असं मानणाऱ्यालाही त्यात स्वतःला पाहता येतं. जीभ कापण्याच्या जागी मात्र स्पष्ट बोलायचं: हे करून पाहायचं नाही, उपास-तापासाने अंगाला इजा करायची नाही, आणि ज्याच्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार आहेत त्याच्यासोबत हा अध्याय घ्यायचाच नाही.

क्रियापदं इथेही काढा. तक्त्यात विशेष पाहायच्या जागा तीन. ‘मंद’ हा शिक्का मुलाने स्वतः लावलेला नाही, लोकांनी लावला. त्याने तो उचलला. म्हणजे इथे दुसरा रकाना ‘हे वाक्य मला पहिल्यांदा कोणी ऐकवलं’ असा करा. दुसरी जागा देवीची: ती तिथल्या तिथे वर देत नाही, पलीकडे पाठवते. ज्या दारी आपण हट्टाने बसलो आहोत तिथे उत्तर नसेल, हे किती जणांना लिहावं लागतं ते पाहा. तिसरी जागा नदी. ती त्याला स्वतःच ओलांडावी लागते. आठवड्याची कृती याच जागेवरून निवडा: आजवर ज्यांना विचारलं नाही अशा एका माणसाला एक प्रश्न विचारणं.

जे रूपक नाही ते

त्याच ग्रंथात एकतिसाव्या अध्यायात पतिव्रतेचा धर्म आहे, छत्तिसाव्यात आचाराचे नियम आहेत. तिथे गोष्ट थांबते आणि आज्ञा सुरू होते. आज्ञेला रूपक करू नये. बायकांनी असं वागावं, अमक्याने तमक्याला शिवू नये, असं जिथे लिहिलं आहे तिथे त्याचा काहीतरी सूक्ष्म अर्थ काढून गोड करण्यापेक्षा, हा त्या काळचा नियम आहे आणि तो आज पाळायचा नाही, असं सरळ म्हणावं. रूपकाने नियम धुऊन काढला की तो नियम घरात तसाच चालू राहतो, वर त्याला अर्थ आल्यासारखं वाटतं.

दासबोधातही रूपक शोधत बसू नका. समर्थ बहुतेक ठिकाणी उघड बोलतात. त्यातले पाचव्या दशकाचे समास सात ते दहा (बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध) वर्षातून एकदा तपासणीसाठी वाचा. सिद्धाचा समास शेवटी, आणि घाईने.

बैठकीत मिरजेकडची ख्रिस्ती मंडळी असतील तर बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाचा अकरावा अध्याय फार उपयोगी. मिसर देशातल्या गुलामीतून सुटलेले लोक रानात आल्यावर तिथली मासळी, काकड्या, खरबुजं, कांदे आणि लसूण आठवून रडतात. समजूत सुटल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी जी हुरहुर लागते तिच्यासाठी याहून नेमका उतारा शोधून सापडणार नाही. तिथे एकच रकाना पुरतो: जुन्या समजुतीत मला काय आयतं मिळत होतं?

पुढचा क्रम

पोपटानंतर औदुंबर, मग पुन्हा सहाव्या अध्यायात येऊन कोशातला किडा आणि स्वप्नातला घाव. ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ वर्ष झाल्याशिवाय घेऊ नका. मूळ वर आणि फांद्या खाली असं ते झाड, आणि ते तोडायला वैराग्याचं शस्त्र सांगितलं आहे, म्हणून नवीन बैठकांना त्याची फार हौस असते. पण माउली तिथे भलताच मुद्दा काढतात: झाड मुळात खरंच असतं तर ते तोडता आलं असतं का? लहान मुलाचा बागुलबुवा हाकलून द्यायचा कसा, सशाचं शिंग मोडायचं कसं? चार रकाने भरायची सवय नसलेला माणूस हे ऐकून ‘म्हणजे सगळं खोटंच’ असं म्हणून मोकळा होतो. सवय असलेल्याला आपल्या वहीतली जुनी पानं उघडावीशी वाटतात. ती पाहून ठरवा. बैठकीतल्या निम्म्याहून जास्त जणांकडे किमान तीन समजुतींचे भरलेले तक्ते असतील तर अश्वत्थाला बसा. त्याला दोन महिने लागतील.